गाडी ओळखीची असली तरी कागद वाचा

जुनी गाडी घ्यायची म्हटली की आपल्या घरांत पहिला प्रश्न येतो, "कुणाची आहे?" किती चालली, कशी ठेवली, हे सगळं नंतर. डॉक्टरांची असली तर उत्तम, प्राध्यापकांची असली तर चालेल, आणि मंडळातल्या कुणाची असली तर मग विचारायलाच नको. बडोद्यात माझं सगळं आयुष्य याच हिशेबात गेलं. दांडिया बाजारातून रावपुऱ्यात जाईपर्यंत चार ओळखीचे भेटायचे आणि त्यांतला एकजण तरी स्कूटर नाहीतर फ्रिज विकायच्या बेतात असायचा. व्यवहार ओट्यावर ठरायचा, चहा व्हायचा, किल्ली हातात. कागद मागणं म्हणजे समोरच्याचा अपमान.

आज माझं मत याच्या बरोबर उलट झालं आहे. ओळखीच्या माणसाकडून गाडी घेताना कागद जास्त बारकाईने वाचावा, असं मी म्हणतो. कारण तिथे पैशाबरोबर नातंही पणाला लागलेलं असतं. हे मत एका दिवसात झालेलं नाही. एकतीस वर्षं लागली आणि मध्ये दोन गाड्या आल्या. एक पांढरी, एक लाल.

पांढरी आधी सांगतो.

१९९३ साली मी जुनी प्रीमियर पद्मिनी घेतली. किंमत बेचाळीस हजार. त्यांतले पंधरा हजार सौ.च्या भिशीचे होते, ते तिने माझ्या हातावर ठेवताना एकच प्रश्न विचारला होता, "बघून घेताय ना?" विकणारे गृहस्थ आमच्या गणपती मंडळातले, माझ्यापेक्षा वयाने मोठे. त्यांच्याकडे आमचं जाणं-येणं होतं, हळदीकुंकू होतं. ते म्हणाले, "गाडी एकहाती आहे, एकदा नीट पाहा हवं तर." मी म्हटलं, "तुमच्या शब्दापुढे काय पाहायचं?"

आता गंमत ऐका. मी मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत एका कारखान्यात तीस वर्षं इन्स्पेक्शनमध्ये काढली. येणारा माल मोजायचा, नोंद करायची, मग सही. मापाशिवाय मी एक नट आत घेतला नाही. तोच मी, बेचाळीस हजारांची गाडी घेताना खाली वाकूनसुद्धा पाहिलं नाही.

पहिल्याच पावसाळ्यात मागच्या सीटपाशी कुबट वास यायला लागला. रबरी मॅट उचलली. मॅटखाली वर्तमानपत्र, त्याखाली डांबरासारखा काळा थर, आणि तो थर स्क्रू-ड्रायव्हरने खरवडला तर खाली रस्ता दिसला. आमचा मिस्त्री म्हणाला, "साहेब, आ पतरुं नथी, पापड छे." नवं पत्र्याचं फ्लोअर टाकायला नऊ हजार लागले. मी त्या गृहस्थांकडे गेलो, आवाज चढला, तेही चिडले. "मी काय गाडीखाली झोपायला जातो का?" असं काहीतरी म्हणाले. त्यानंतर दोन्ही घरांचं बोलणं संपलं. लग्नाकार्यात एकमेकांना पाहून दुसऱ्या पंगतीत बसायचं. सौ.ची आणि त्यांच्या मंडळींची खरी मैत्री होती, तीही त्यात गेली.

आता लाल गाडी.

चिरंजीव लेस्टरला असतात. आम्ही दोघं गेल्या काही वर्षांपूर्वी, २०२४ च्या उन्हाळ्यात, तिथे दोन महिने होतो. एके दिवशी जेवताना चिरंजीव म्हणाले, मला एक जुनी एमएक्स-फाइव्ह घ्यायची आहे. माझदा कंपनीची छोटी, दोन सीटची, टप उघडणारी गाडी. १९८९ साली पहिल्यांदा बाजारात आली आणि जगात सर्वांत जास्त खपलेली दोन सीटची स्पोर्ट्‌स कार म्हणून तिचं नाव गिनीज बुकात आहे. सौ.चा पहिला प्रश्न, "दोनच सीट? मग आम्ही कुठे बसायचं?" सूनबाई हसून म्हणाल्या, "मलाच कधीकधी नेणार आहेत." घरात एक शहाणीसुरती मोठी गाडी आहेच, ही रविवारची हौस.

गाडी कुणाची, हा प्रश्न अर्थात मीच विचारला. आणि उत्तर ऐकून खूश झालो. तिथल्या आपल्या मराठी मंडळातल्या एका गृहस्थांची. मूळचे बेळगावचे, अगदी सज्जन, दर गणपतीत आरतीला तबला वाजवणारे. २००३ ची गाडी, लाल रंग, १.८ लिटरचं इंजिन, फक्त ६६ हजार मैल चाललेली, पासिंग डिसेंबरपर्यंत. मागणी सव्वीसशे पौंड. मी लगेच म्हटलं, "घेऊन टाक, आपल्यातलेच आहेत."

चिरंजीव म्हणाले, "बाबा, आधी एमओटी वाचू."

एमओटी म्हणजे तिथलं पासिंग. मिनिस्ट्री ऑफ ट्रान्सपोर्ट या जुन्या खात्याच्या नावाची आद्याक्षरं. १९६० साली ही तपासणी सुरू झाली, तेव्हा फक्त दहा वर्षांहून जुन्या गाड्यांना होती. १९६७ पासून तीन वर्षं झाली की प्रत्येक गाडीला, आणि पुढे दर वर्षी. ब्रेक, स्टिअरिंग, दिवे, टायर, सस्पेन्शन, सीट-बेल्ट, धूर, आणि गाडीचा सांगाडा गंजला आहे का, हे सगळं ठरलेल्या नियमांनी पाहतात. मोटारीसाठी फी जास्तीत जास्त ५४.८५ पौंड. हे सगळं ठीक, पासिंग आपल्याकडेही असतं. मला चकित केलं ते पुढच्या गोष्टीने. गाडीच्या पाटीवरचा नंबर सरकारी संकेतस्थळावर टाकला की २००५ पासूनच्या सगळ्या तपासण्या फुकट समोर येतात. कुणालाही. मालकाची परवानगी लागत नाही, कारण मालकाचं नाव त्यात नसतंच. फक्त गाडी असते. तारीख, पास की नापास, त्या दिवशी मीटरवर किती मैल होते, नापास असेल तर नेमकं कशासाठी, आणि पास असेल तरी तपासणाऱ्याने काय सावधगिरी सांगितली. त्या शेवटच्या शेऱ्याला तिथे अ‍ॅडव्हायझरी म्हणतात. म्हणजे "आज सोडतो, पण इकडे लक्ष ठेवा." २०१८ पासून तर दोषांचे वर्गच केले आहेत: धोकादायक, मोठा, किरकोळ. पहिल्या दोनांत नापास, किरकोळात पास.

मी चष्मा लावला. तीस वर्षांची सवय जागी झाली. चिरंजीव वरून वाचायला लागले, म्हणजे सर्वांत ताजं आधी. मी म्हटलं, "असं नाही. खालून वाच. रोग कुठून सुरू झाला ते बघायचं असतं."

खालून वाचलं ते असं. २००६ ते २०१२ सगळं स्वच्छ, वर्षाला पाच-सहा हजार मैल. २०१३ ला शेरा: मागच्या डाव्या बाजूला सिलवर थोडा गंज. सिल म्हणजे दाराखालची लांब पोकळ पेटी, गाडीचा अर्धा जोर तिच्यावर असतो. उघड्या टपाच्या गाडीत तर जास्तच, कारण वर छप्पर धरायला नसतं. २०१४ ला दोन्ही बाजूंना गंज. २०१५ ला पुन्हा तेच शब्द. २०१६ ला नापास: सीट-बेल्ट जिथे बसवलेला असतो त्याच्या ३० सेंटिमीटरच्या आत सिल सडलेली. ही ३० सेंटिमीटरची मर्यादा तिथल्या नियमात महत्त्वाची आहे. सीट-बेल्ट, सस्पेन्शन, स्टिअरिंग, ब्रेक यांच्या जोडांच्या आसपास सांगाडा कुजला असेल तर गाडी सोडत नाहीत. दोनच दिवसांनी पास. २०१७ ला गंजाबद्दल एक शब्द नाही. २०१८ ला शेरा की गाडीखाली काळ्या अँटी-रस्टचा जाड थर आहे. मग पाच वर्षं शांतता. आणि डिसेंबर २०२३ ला, पास करताना, पुढच्या चॅसीवर गंज, पण मजबुती फारशी कमी झालेली नाही, असा शेरा.

आमच्या कारखान्यात असं व्हायचं. एखाद्या सप्लायरच्या मालात दर खेपेला तीच तक्रार यायची आणि एक दिवस अचानक काहीच नाही. अशा वेळी आम्ही खूश व्हायचो नाही. माल सुधारला की मोजणारा बदलला, हे आधी पाहायचो. इथे दोन दिवसांत सिल दुरुस्त झाली याचा अर्थ सडलेला भाग कापून नवा टाकला असेल, नाहीतर वरून पत्र्याची पट्टी मारून काळा थर फासला असेल. कोणतं, हे कागद सांगत नाही. तपासणारा थर खरवडत नाही, कार्पेट उचलत नाही, काही उघडत नाही. तसा नियमच आहे. इंजिन, क्लच आणि गिअरबॉक्सची अवस्था तर या तपासणीत येतच नाही. म्हणून पास झालेली गाडी चांगलीच असते, असं समजणारा फसतो. कागद एवढंच सांगतो की कुठे बोट लावायचं.

माझी नजर मैलांवरही गेली. २०१६ ला ६१ हजार, २०२३ ला ६६ हजार. म्हणजे वर्षाला सातशे मैल. जाहिरातीत हीच गोष्ट मिरवलेली होती. आपल्यालाही वाटतं, कमी चाललेली म्हणजे जपलेली. पण या गाडीच्या टपाच्या मागच्या कोपऱ्यांत पावसाचं पाणी खाली सोडणाऱ्या नळ्या असतात. त्या पालापाचोळ्याने तुंबल्या की पाणी आत सिलमध्ये उतरतं आणि गाडी उभ्या जागी आतून सडते. वर तिथे हिवाळ्यात बर्फ वितळावा म्हणून रस्त्यावर मीठ टाकतात. म्हणजे पाणीही आणि मीठही. लोणच्याला आणखी काय लागतं?

एक मात्र प्रामाणिकपणे सांगतो. वाचताना मी दोनदा उगाचच संशय घेतला. २०२० पर्यंत तपासणी दर जूनमध्ये होती, मग एकदम डिसेंबरवर गेली. मी म्हटलं, "बघ, सहा महिने लपवली होती." चिरंजीव म्हणाले, "बाबा, करोना. त्या वर्षी ३० मार्चनंतर ज्यांची मुदत संपत होती त्यांना सरकारनेच सहा महिने वाढवून दिले होते." मग म्हटलं, मीटर मागे फिरवलं असेल. तेही नव्हतं, आकडे सरळ चढत होते. त्यांनी मला आणखी एक सांगितलं. या गाड्या जपानमधून वापरलेल्याही खूप आल्या, तिकडे तिचं नाव युनोस रोडस्टर. त्यांचं मीटर किलोमीटरचं. एका वर्षी नोंद किलोमीटरमध्ये आणि पुढच्या वर्षी मैलांत झाली की आकडा एकदम खाली आल्यासारखा दिसतो. त्यात चोरी नसते. कागद वाचावा म्हणजे प्रत्येक ओळीवर गुन्हा दाखल करावा असं नव्हे. जिथे प्रश्न पडतो तिथे प्रश्न विचारावा, एवढंच.

आता खरी पंचाईत. हे त्या गृहस्थांना विचारायचं कसं? रविवारी त्यांच्या घरी गेलो. वहिनींनी पोहे केले होते, वर ओलं खोबरं. परक्या गावात असे पोहे समोर आले की माणूस अर्धा विरघळतो. मला पद्मिनीचा ओटा आठवला. खरं सांगतो, मला वाटलं, जाऊ दे, नको विचारायला. मुलाचे पैसे आहेत, होईल काय व्हायचं ते.

चिरंजीवांनी विचारलं. पोहे संपल्यावर, सरळ आवाजात. "काका, २०१६ ला सिलसाठी नापास झाली होती, तेव्हा काय काम केलं त्याचं बिल आहे का तुमच्याकडे?"

काका गोंधळले. "२०१६? मी तर २०२१ ला घेतली. माझ्याकडे कुठून असणार?" मग त्यांनी आपला फोन काढला, आपल्याच गाडीचा नंबर टाकला आणि वाचायला लागले. आम्ही तिघं गप्प. त्यांच्या चेहऱ्याकडे पाहताना मला कळलं की हा माणूस हे पहिल्यांदा वाचतो आहे. तीन वर्षं गाडी दारात होती, रविवारी धुऊन पुसून ठेवत होते, आणि हा कागद त्यांनी उघडलाच नव्हता. त्यांनी ती ऑफिसमधल्या एका मित्राकडून घेतली होती. ओळखीच्या माणसाकडून. विचारायचं काय?

वहिनींना राग आला. "एवढा संशय असेल तर घेऊच नका ना," असं त्या स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्यांचं चुकलं असं मी म्हणणार नाही. त्यांच्या जागी सौ. असती तर तीही हेच म्हणाली असती. पण काकांनीच सांगितलं, "चला, गॅरेजमध्ये दाखवू या. मलाही कळू दे."

दोन दिवसांनी एका गॅरेजमध्ये गाडी रॅम्पवर चढवली. तिथल्या माणसाने सिलवर छोट्या हातोडीने टिचक्या मारल्या. चांगला पत्रा वाजतो. ही दोन्ही बाजूंना मागच्या चाकापाशी भद्द वाजत होती, ओल्या पुठ्ठ्यासारखी. काळ्या थराखाली पट्टीवर पट्टी होती. पुढची चॅसी दुहेरी पत्र्याची असते, ती आतून सडते आणि बाहेर दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. या मॉडेलचं ते ठरलेलं दुखणं. तिथेही बोट आत गेलं. काम अठराशे पौंडांचं निघालं. गाडी सव्वीसशेची.

घेतली नाही, हे उघड आहे. काकांनी ती पुढे विकली, पण रॅम्पवर काढलेले फोटो दाखवून, काय काय करायचं आहे ते सांगून, आणि आठशे पौंडांत. ज्याने घेतली त्याला स्वतःला वेल्डिंग येत होतं. काकांचं नुकसान झालं, ते मला खटकतं. पण त्या वर्षी गणपतीत त्यांनी तबला वाजवला आणि चिरंजीवांनी झांजा, असं सूनबाईंनी फोनवर सांगितलं. वहिनी मात्र अजून थोड्या फुगलेल्या आहेत. येतील मार्गावर.

चिरंजीवांनी दोन महिन्यांनी दुसरी घेतली. तेच मॉडेल, २००५ ची, ९२ हजार मैल चाललेली, रंग काही खास नाही. तिचा एमओटीचा इतिहास उघडला तर तीनदा नापास. एकदा ब्रेकचा पाइप गंजला म्हणून, एकदा मागची स्प्रिंग तुटली म्हणून, एकदा सिलसाठी. नापासाचे तीन शिक्के पाहून मी फोनवर म्हटलं, "अरे, ही कशाला?" तर मालकाकडे एक फाइल होती. पाइपचं बिल, स्प्रिंगचं बिल, आणि सिल कापून नवी बसवताना काढलेले फोटो. नापास, मग बिल, मग पास, आणि त्यानंतर ती तक्रार पुन्हा कधी नाही. मी म्हटलं, घे.

यातून मी जे शिकलो ते सांगतो, मग ती स्पोर्ट्‌स कार असो की आपली वॅगनआर. नापास होणं वाईट नाही. जुनी गाडी आहे, नापास व्हायचीच. नापासाला उत्तर आहे का, ते पाहायचं. एकच शेरा तीन-चार वर्षं सारखा येत असेल, तर मालक ऐकणाऱ्यांतला नाही. तोच शेरा एक दिवस काही कारण न देता गायब झाला, तर वाकून पाहा. आणि कमी किलोमीटरला भुलू नका, उभी गाडीही म्हातारी होते.

आता आपल्याकडचं बोलू. आपल्या खासगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची. त्यानंतर आरटीओत तपासणी होऊन पाच-पाच वर्षांनी वाढवून मिळते. म्हणजे पहिली पंधरा वर्षं पीयूसी सोडलं तर गाडीकडे सरकारी नजरेने कुणी पाहतच नाही. एमपरिवहनवर नंबर टाकला की नोंदणीची तारीख, फिटनेस कधीपर्यंत, विमा कधीपर्यंत, एवढं दिसतं. तारखा दिसतात. तपासताना काय सापडलं, त्या दिवशी मीटरवर किती किलोमीटर होते, हे घेणाऱ्याला दिसत नाही. माझं म्हणणं आहे, दिसायला हवं. नाव-गाव नको, फक्त गाडीची कुंडली. लग्नाला कुंडल्या जुळवतो, तर जिच्यात पोरंबाळं बसवायची त्या गाडीची एक ओळ का नको?

सरकार करील तेव्हा करील. तोपर्यंत आपल्या हातात आहे तेवढं तरी करू. आरसी-बुकात कितवा मालक आहे ते पाहा, बँकेचा बोजा उतरला आहे का ते पाहा. कंपनीच्या वर्कशॉपमध्ये सर्व्हिस झाली असेल तर तिथल्या नोंदी मालकालाच काढायला सांगा, त्यात तारीख आणि किलोमीटर दोन्ही मिळतात. विम्याचे जुने क्लेम विचारा. आणि या ग्रुपवरच्या बेळगाव, गोवा, इंदूर, ग्वाल्हेर, हैदराबादच्या मंडळींना तर खास सांगणं. आपल्याकडे गाडी पुष्कळदा भावाकडून, मेहुण्याकडून, पुण्या-कोल्हापुराहून येते. दुसऱ्या राज्याची गाडी बारा महिन्यांहून जास्त ठेवायची तर इथे नव्याने नोंदवावी लागते आणि त्यासाठी मूळ आरटीओची एनओसी लागते. "घरातलीच आहे" म्हणून एनओसी राहून जाते आणि मग दोन भाऊ एकमेकांवर खेकसतात. अशी घरं मी पाहिली आहेत.

आणि विकणाऱ्यांनाही एक विनंती. आपल्या गाडीची एक वही ठेवा. टायर कधी बदलले, ब्रेक कधी केले, कुठे ठोकली होती, सगळं लिहा, ठोकलेलंही लिहा. विकायच्या दिवशी ती वही किल्लीबरोबर द्या. म्हणजे कुणाला विचारावं लागणार नाही आणि कुणाला वाईट वाटणार नाही.

एकजण मला म्हणाले, "अहो, अशाने आपल्या माणसांतला विश्वासच संपेल." मी उलट म्हणतो. आमच्या पद्मिनीच्या वेळी विश्वास होता म्हणून कागद नव्हता, आणि कागद नव्हता म्हणून विश्वास एका पावसाळ्यात वाहून गेला. लेस्टरला कागद मध्ये होता. भांडण व्हायचं ते त्या कागदाशी झालं, माणसांशी झालं नाही.

शेवटचं एक, जे मी सौ.लाही बऱ्याच उशिरा सांगितलं. लेस्टरच्या त्या घरी काका स्वतःच्या गाडीचा इतिहास पहिल्यांदा वाचत होते, तेव्हा मला एकदम पद्मिनीवाले दिसले. त्यांनीही ती गाडी कुणाकडून तरी घेतलीच असणार. मॅटखालचं वर्तमानपत्र त्यांनीच टाकलं असं मी एकतीस वर्षं धरून चाललो होतो, पण ते वर्तमानपत्र कोणत्या सालचं होतं हे मी पाहिलंच नाही. इन्स्पेक्शनचा माणूस असून पाहिलं नाही. कदाचित त्यांनाही माहीत नव्हतं. "एकदा नीट पाहा हवं तर," असं ते म्हणाले होते, हे तर मी सोयीस्कर विसरलोच होतो.

ते गृहस्थ २०१९ मध्ये गेले. मी स्मशानात गेलो होतो, घरी गेलो नव्हतो. लेस्टरहून परत आल्यावर सौ. आणि मी त्यांच्याकडे गेलो. वहिनी एकट्याच असतात आता, गुडघे दुखतात. सौ.ने डबा नेला होता. पद्मिनीचा विषय कुणी काढला नाही. निघताना वहिनी म्हणाल्या, "गौरीला या." यंदा जाणार आहोत.